हसू फुटण्याच्या जागा



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना पुस्तकं देता-घेताना पाहिलेली पुष्कळ माणसं आज या सभागृहात आहेत. मला ते भाग्य लाभलं नाही. पण इथल्या लोकांशी बोलताना एक गोष्ट अनेकांच्या तोंडून ऐकली. ते पुस्तक नुसतं हातात देत नसत. 'कालच परत आलंय, तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं,' असं एखादं वाक्य बरोबर असायचं, आणि घेणारा हसत पायऱ्या उतरायचा. ग्रंथसंख्या किती वाढली, इमारत कशी उभी राहिली, हे त्यांच्या कार्याच्या पत्रकात आहेच. लोक सांगतात ते मात्र हे. म्हणून मी आजचा विषय निवडला: हसू.

विषय कळवला तेव्हा मला विचारण्यात आलं, 'म्हणजे विनोदी साहित्यावर बोलणार ना?' नाही. विनोद हा मोठा प्रांत आहे आणि मराठीत त्याची थोर परंपरा आहे. मी बोलणार आहे ते त्याहून लहान गोष्टीवर. कोणी विनोद केलेला नसतो, काही लाभ झालेला नसतो, सणवार नसतो. तरी ओठ हलतात, डोळ्यांच्या कडा आकसतात आणि दोन-तीन सेकंदांत सगळं पूर्ववत होतं. त्या हसण्यावर.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. अशा व्याख्यानांतून महाराष्ट्राने स्वराज्य ऐकलं, स्त्रीशिक्षण ऐकलं, शेती आणि सहकार ऐकला. मोठ्या विषयांना सभागृहं मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण जी गोष्ट प्रत्येकाच्या वाट्याला रोज येते, तिला एक संध्याकाळ का देऊ नये?

तुम्हांला एक विचारतो. आज सकाळपासून तुम्ही केव्हा केव्हा हसलात? आठवून पाहा. बऱ्याच जणांना चटकन सांगता येणार नाही. भाजीवालीने न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या तेव्हा? शेजारचं पोर डाव्या पायात उजवी चप्पल घालून ऐटीत निघालं तेव्हा? चुकीचा नंबर लागला, आणि पलीकडच्या आजींनी 'असू दे बाळा, जेवलास का?' असं विचारूनच फोन ठेवला तेव्हा? रिक्षा खड्ड्यात आदळली आणि आरशात तुमची आणि रिक्षावाल्याची नजर एक झाली तेव्हा? यातलं काहीही कोणी डायरीत लिहून ठेवत नाही. आणि तरीही, यातलं एकही ज्या दिवशी घडत नाही, त्या दिवशी घरी येताना माणूस उगाच थकलेला असतो.

माझं म्हणणं असं आहे. हे हसू माणसाच्या आत तयार होऊन मग चेहऱ्यावर येतं, ही आपली समजूत अपुरी आहे. ते दोन माणसांच्या मधल्या जागेत तयार होतं. आणि तसं असेल, तर त्याला खरोखरीची जागा लागते. ओटा लागतो, खिडकी लागते, बाक लागतं. ती जागा असते तेव्हा आपलं तिच्याकडे लक्ष नसतं. ती गेली की काय गेलं ते सांगता येत नाही.

सुरुवातीपासून सुरुवात करू. बाळंतिणीच्या खोलीत तान्हं मूल झोपेत हसतं. आपल्या आज्या म्हणत, सटवाई हसवतेय. दुसऱ्या क्षणाला त्याने तोंड वाकडं केलं की सटवाई रडवतेय. वैद्यकशास्त्रही आज हेच सांगतं की झोपेतलं ते हसू बाळाने कोणासाठी केलेलं नसतं, ते आपोआप उमटतं. पण साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झालं की एक दिवस ते जागेपणी, कोणाच्या तरी चेहऱ्याकडे टक लावून हसतं. सटवाईला कोणी उत्तर देत नाही. या हसण्याला मात्र घरातला प्रत्येक जण उत्तर देतो! आजोबा तोंडाचा चंबू करतात, आत्या दूरच्या गावाहून व्हिडिओवर 'हस ना गं' म्हणते, रात्रभर जागून डोळे लाल झालेली आई सगळी जागरणं विसरते. बोलता येत नाही, मान धरता येत नाही, बोटाने दाखवता येत नाही. माणसाच्या पिल्लाला इतरांशी व्यवहार करण्याचं जी पहिली साधनं मिळतात त्यांत रडणं असतं, आणि त्यामागोमाग हे हसू.

ते बघून शिकलेलं असतं का? तसंही नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्युदोपटूंची छायाचित्रं अभ्यासकांनी तपासली. त्यांत जन्मापासून दृष्टी नसलेले खेळाडूही होते. ज्यांनी आयुष्यात कोणाचा चेहरा पाहिला नाही, त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्या-हरल्याचे भाव डोळस खेळाडूंसारखेच उमटले होते. हसण्याची शक्ती आपण जन्मताना घेऊन येतो. ती कोणाकडे पाहून वापरायची, एवढंच पुढे शिकतो.

फ्रान्समध्ये द्युशेन नावाचे डॉक्टर होते. चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन त्यांनी भाव तपासले आणि १८६२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की ओठांची टोकं वर खेचणारा स्नायू आपलं ऐकतो; डोळ्याभोवतीचा स्नायू सहसा ऐकत नाही, तो मन हललं तरच हलतो. डार्विनने पुढे १८७२ मध्ये भावदर्शनावर पुस्तक लिहिलं, तेव्हा द्युशेनची छायाचित्रं लोकांना दाखवली. खरं हसू लोकांनी तत्काळ ओळखलं, विजेने उठवलेल्या हसण्यापुढे मात्र ते अडखळले. आता नवे अभ्यासक म्हणतात की डोळ्यांचंही सोंग काही जणांना जमतं. जमत असेल. पण २०२० साल आठवा. निम्मे चेहरे कापडाआड गेले होते. दूधवाला दाराबाहेर पिशवी ठेवून मागे सरकायचा, आपण दार उघडायचो, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांना पडलेल्या सुरकुत्यांवरून कळायचं की हा हसतोय. ओठ दिसत नव्हते म्हणून हसणं थांबलं नाही. उलट दारात हसणाऱ्या त्या डोळ्यांची किंमत त्या वर्षात जेवढी कळली तेवढी पूर्वी कळली नव्हती.

आता एका अभ्यासाकडे येतो. माझ्या म्हणण्याचा कणा त्यात आहे. अमेरिकेत बोलिंगचा खेळ खेळतात. जड गोळा लांब पट्टीवरून घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या. क्राउट आणि जॉन्स्टन या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट पाहायची ठरवली: खेळाडू नेमका कधी हसतो? दहाच्या दहा पिना पडल्या की आनंद होणारच. मग पिना पडताना, त्यांच्याकडे पाहत असताना तो हसतो का? फारच क्वचित. तो वळतो, मित्रांकडे तोंड करतो, आणि तेव्हा हसतो. आनंद आधीच झालेला असतो. हसू मित्रांची नजर मिळेपर्यंत थांबतं.

तुम्ही म्हणाल, हा मैत्रीचा खेळ आहे, मोठ्या यशाचं वेगळं असेल. तर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्यांच्या चित्रफिती अशाच तपासल्या गेल्या. जगात त्या घटकेला त्यांच्याइतकं सुखी कोण असेल? पण समारंभाची वाट पाहत ते बाजूला उभे असतात तेव्हा हसू फारसं दिसत नाही. पदक गळ्यात पडताना, पदक देणाऱ्याकडे आणि प्रेक्षकांकडे पाहताना चेहरा फुलतो. राष्ट्रगीत सुरू झालं की पुन्हा गंभीर.

म्हणजे सुख आत आहे, पण हसू कोणाला तरी उद्देशून आहे. पत्राला पत्ता लागतो तसा हसण्याला माणूस लागतो. मग प्रश्न उरतो: हा दुसरा माणूस आपल्याला भेटतो कुठे?

इथे मी तुम्हांला एसटीत नेतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जेवढं हसू एसटीने पिकवलं, तेवढं कोणत्या नाटक कंपनीनेही पिकवलं नसेल, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. आत चढल्यावर एकाच बाकावर दोन रुमाल निघायचे. मग थोडा तणाव, थोडी घासाघीस, आणि शेवटी तिघांच्या बाकावर चौघे. पहिल्या घाटापर्यंत कळायचं की तुमच्या मामेबहिणीची नणंद त्यांच्याच गावात दिलेली आहे.

पण एसटीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सुट्टे पैसे. तिकीट बत्तीस रुपये, तुम्ही दिले पन्नास. कंडक्टरच्या चामडी बॅगेत सुट्टे नाहीत. तो तिकिटाच्या पाठीवर '१८' लिहून देतो आणि पुढे सरकतो. आता त्या तिकिटाला जपायचं. उतरायचं ठिकाण जवळ आलं की मान उंच करून कंडक्टरकडे पाहायचं. तो लांबूनच हात करून सांगतो: लक्षात आहे. आणि शेवटी तो एक करामत करतो. तुमचे अठरा आणि मागच्या बाकावरच्या मावशींचे बत्तीस मिळून पन्नासाची एक नोट तुमच्या दोघांत देतो. 'तुम्ही दोघं मिळून घ्या.' गाडी निघून जाते. स्टँडवर दोन अनोळखी माणसं, मध्ये एक नोट. 'तुम्ही कुठं निघालात?' 'चला, समोरच्या हॉटेलात मोडून घेऊ.' चहावाला म्हणतो, काहीतरी घ्या तर मोडून देतो. दोन कटिंग चहा होतात. कोण पैसे देणार यावरून पुन्हा एक गोड भांडण. मावशी पदराच्या गाठीतून सुट्टे काढतात, आणि आपल्याकडे सुट्टे होतेच की, हे त्यांच्याच लक्षात येऊन दोघंही हसतात.

काय झालं इथे? व्यवस्थेत एक त्रुटी होती. ती माणसांनी एकमेकांत भागवून घेतली. कंडक्टरला कोणी हे शिकवलेलं नाही, कुठल्या परिपत्रकात ते नाही. पण दोन अनोळखी माणसांना एका नोटेवर विश्वासाने बांधून देण्याचं हे काम कंडक्टरांच्या कितीतरी पिढ्यांनी केलं. कोणी नोट घेऊन पळालं असेलही. तरी रीत चालू राहिली, यावरूनच बहुतेक जण पळाले नाहीत हे दिसतं.

अलीकडची गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. त्यामागच्या राजकारणात आणि हिशेबात मी शिरत नाही. मी बघतो ते गाडीत. आजोबा खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढतात. कंडक्टर जन्मतारीख वाचतो, वर बघतो आणि म्हणतो, 'आजोबा, साठीचे दिसताय की!' अर्धी गाडी हसते, आजोबा मिशीला हात लावतात. पुढच्या बाकावर नवऱ्याचं पूर्ण तिकीट आणि बायकोचं अर्धं. ती पैसे मोजते आणि म्हणते, 'आता माहेरी जायला महाग पडतं असं म्हणू नका.' ही वाक्यं मी रचलेली नाहीत. थोड्याफार फरकाने ती कोणत्याही तालुक्याच्या गाडीत रोज ऐकू येतात.

मराठी विनोदाचे मोठे लेखक अशाच जागी उभे होते. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे विद्वान, बडोद्याला प्राध्यापक. पण लिहायला बसले की त्यांच्यापुढे यायचा तो चिमणरावांचा संसार. पु. ल. देशपांड्यांनी चाळ निवडली, कारण चाळीला सामाईक गॅलरी असते आणि सामाईक नळ असतो. माणसं जिथे एकमेकांच्या वाटेत येतात, तिथेच या लेखकांना माणूस सापडला. मुंबईची लोकल घ्या. दसऱ्याच्या आधी रोजचे प्रवासी आपला डबा फुलांनी सजवतात, पूजा करतात, पेढे वाटतात. कोणाच्या मालकीचा आहे तो डबा? बायकांच्या डब्यात संध्याकाळी मटार सोलले जातात, आणि शेजारणीच्या मांडीवरच्या शेंगाही हात आपोआप सोलू लागतात.

हे सगळं सांगताना मला एका गोष्टीची जाणीव आहे, आणि ती न सांगता पुढे जाणं अप्रामाणिक होईल. आपण जिला रोजची साधी जागा म्हणतो, ती सर्वांसाठी कधीच साधी नव्हती. सहज हसण्यासाठी दोन माणसांची नजर एका पातळीवर यावी लागते. ज्या समाजात एकाने नजर खाली ठेवूनच चालायचं असा दंडक होता, तिथे कोणतं हसू आणि कोणाचं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. चौतीस किलोमीटरचा प्रवास. पण त्या गाडीने एक नवीनच गोष्ट आणली: शेजारी कोण बसणार हे तिकिटाने ठरायचं. पिढ्यान् पिढ्या जातीने ठरवलेलं अंतर लाकडी बाकड्यावर वीतभर झालं. ते पुष्कळांना रुचलं नाही, पण गाडी थांबली नाही.

आणि पाणवठा? १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले या सदस्यांनी मांडलेला ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. कागदावर. २० मार्च १९२७ ला महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा तो कागद जमिनीवर आला. आणि त्यासाठी त्या लोकांना मार खावा लागला. पाणी हे निमित्त होतं, माणूस म्हणून बरोबरीने काठावर उभं राहणं हा खरा प्रश्न होता. पाणवठ्यावरच्या गप्पागोष्टींचं आपल्या साहित्यात केवढं कौतुक आहे! ते वाचताना मला नेहमी वाटतं, काठापासून लांब, कोणीतरी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून वाट पाहणाऱ्या बाईला त्या गप्पांतलं काय ऐकू येत असेल? हसू फुटण्याची जागा मिळवण्यासाठी या महाराष्ट्रात माणसांना लढावं लागलं आहे. म्हणून तिला मी किरकोळ गोष्ट म्हणायला तयार नाही.

संक्रांतीचं उदाहरण घ्या. तिळगूळ घ्या, गोड बोला, असं म्हणत वर्षातून एकदा भांडलेल्या माणसाच्याही दारात जाण्याची सोय आपल्या लोकांनी करून ठेवली. किती शहाणपणाची सोय! पण त्याच दिवसांतल्या हळदीकुंकवात, जिचा नवरा गेला ती बाई स्वयंपाकघरात बसलेली असायची. वाण लुटणाऱ्यांचं हसणं तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारनेही इतर गावांना त्याच वाटेने जायला सांगितलं. ठरावाने सगळं बदलत नाही हे खरं. पण ज्या हळदीकुंकवात मी विधवा बायकांना पुढच्या रांगेत बसलेलं पाहिलं आहे, तिथे कुंकू लावून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी संकोच आला, मग शेजारणीकडे पाहणं झालं, आणि मग जे हसू आलं, त्याला मी लहान क्षण कसा म्हणू?

अजून एक सांगायला हवं. मुलींना आपण 'दात काढू नकोस' म्हणत वाढवतो. रस्त्याने जाताना हसलीस तर त्याचा भलता अर्थ लावला जाईल, ही भीती त्यांना घरातच दिली जाते, आणि ती भीती सगळीच खोटी नसते हे आणखी वाईट. म्हणजे अनोळखी माणसाकडे बघून सहज हसणं ही पुरुषाला मिळालेली मोकळीक आहे. दुसरीकडे काही जणींना हसण्याची सक्ती आहे. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांवर पुस्तक लिहिलं. पगारात चेहराही मोजलेला असतो, हसू हा नोकरीचा भाग होतो, आणि घरी गेल्यावर ते उतरवता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. आज आपल्या मॉलमध्ये, बँकेत, फोनवरच्या सेवाकेंद्रात हजारो मुलं-मुली हे काम करतात. त्यांच्याकडे हसू मागू नये. शक्य असेल तर आपण आधी द्यावं, आणि परत आलं नाही तर राग मानू नये. ते आधीच दिवसभर हसून थकलेले असतात.

आता बदलाकडे वळतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं. आज एसटीच्या कंडक्टरच्या यंत्रावरही मोबाइलने पैसे देता येतात, तिकिटाच्या पाठीवरचा आकडा हळूहळू जाणार आहे. मला त्याचं दुःख आहे का? थोडं आहे. पण सुट्ट्यांपायी होणारी भांडणंही मी पाहिली आहेत. रुपयाऐवजी हातावर गोळी ठेवणारा दुकानदारही पाहिला आहे, आणि रात्री हिशेब जुळेना म्हणून पदरचे पैसे भरणारा कंडक्टरही. जुनं ते सगळं गोड होतं असं सांगायला मी आलो नाही. मला काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. प्रत्येक सोय माणसामाणसांतला एकेक थांबा काढून टाकते, आणि त्या थांब्याच्या जागी दुसरा थांबा कोणी ठेवत नाही. सामान दाराबाहेर येऊन पडतं, घंटा वाजते, दार उघडेपर्यंत आणणारा जिन्यात उतरलेला असतो; त्याला पुढची दहा घरं गाठायची असतात. लिफ्टमध्ये चार माणसं असतात आणि चौघंही मजल्यांच्या आकड्यांकडे पाहतात.

लोकांनाच बोलायचं नाही, त्याला कोण काय करणार, असं म्हटलं जातं. खरंच बोलायचं नाही का? शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. रोजच्या आगगाडीने जाणाऱ्या काही प्रवाशांना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. आणि काहींना नुसतं विचारलं की बोललात तर प्रवास कसा होईल असं वाटतं. विचारलेले म्हणाले, नको, एकटं बसणंच बरं. प्रत्यक्षात जे बोलले त्यांचा प्रवास जास्त आनंदात झाला. त्याच सुमाराचा दुसरा अभ्यास कॅनडातला आहे. कॉफीच्या दुकानात गेलेल्यांपैकी काहींनी कॉफी देणाऱ्याकडे बघून हसून दोन शब्द बोलायचे, काहींनी झटपट पैसे देऊन निघायचं. बोलून निघालेल्यांना अधिक बरं वाटलं, आपण या गर्दीचे कोणीतरी आहोत असं वाटलं. इच्छा असते. समोरच्याला नको असेल, या अंदाजाने दोघंही गप्प बसतात.

आपल्याकडे या अंदाजावर एक सुंदर तोड आहे. वारीत कोणीही कोणाला काहीही विचारू शकतो, कारण प्रत्येक जण माउली आहे. गर्दी आवरणारा पोलीसही 'माउली, पुढे चला' म्हणतो. नाव, गाव, शिक्षण, पगार काही माहीत नसताना समोरच्याला हाक मारायला एक शब्द हाताशी आहे, आणि तो ऐकून कोणी तोंड फिरवत नाही. शहरातल्या लिफ्टला असा शब्द सापडलेला नाही.

शब्द सापडेल तेव्हा सापडेल. जागा मात्र आज करता येते, आणि त्यासाठी मी आणखी एकच अभ्यास सांगतो. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका रुग्णालयात वृद्ध स्त्रियांचा वॉर्ड होता. नवं फर्निचर, स्वच्छ रंग, खुर्च्या भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या. बायका दिवसभर शेजारीशेजारी बसत आणि बोलत नसत. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने खुर्च्या लहान टेबलांभोवती, एकीला दुसरीचा चेहरा दिसेल अशा मांडल्या. काही आठवड्यांत बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. बायका त्याच, आजार तेच, खुर्च्यांची फक्त दिशा बदलली होती.

आता आपल्या बसस्टँडवरची लोखंडी आसनं डोळ्यांपुढे आणा. सगळी एका ओळीत, सगळ्यांची तोंडं फलाटाकडे. सरकारी दवाखान्यात तेच. बागेत बाकं असतात, त्यांवर कोणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव कोरलेलं असतं, आणि संध्याकाळी तिथे बहुतेक निवृत्त पुरुष बसलेले असतात. गावाला पार असतो. पारावर बसलेल्या बायका तुम्ही किती पाहिल्या आहेत?

बायका थांबतात त्या दुसरीकडे. काल दुपारी मी तुमच्या गावातून चालत फिरलो. रेशनच्या दुकानापुढे रांग होती, भिंतीच्या सावलीच्या पट्टीत अंग चोरून उभी. अंगणवाडीच्या दारापाशी मुलं सुटायची वाट बघणाऱ्या आया एका कठड्याला टेकून उभ्या होत्या. आरोग्य केंद्रात बाक होतं, पण ते आतल्या बाजूला, औषधाच्या खिडकीकडे तोंड करून. तरी या सगळ्या ठिकाणी बायका हसत होत्या, कारण एकीचं पोर दुसरीच्या पदराला धरून उभं होतं. उभ्या उभ्या, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन त्या हसत होत्या.

या व्याख्यानमालेच्या निधीतून दरवर्षी काही रक्कम गावासाठी खर्च होते, असं मला संयोजकांनी सांगितलं. माझी मागणी आहे की यंदा तिच्यातून पाच-सहा बाकं करावीत, पाठ टेकता येईल अशी, आणि ती बागेत न ठेवता या तीन ठिकाणी ठेवावीत. ओळीत नको, काटकोनात, दोघी बसल्या तर एकीला दुसरीचा चेहरा दिसेल अशी. वर पत्र्याचं छप्पर हवं, कारण रांग दुपारची असते. नेमकी कुठे, किती उंच, सावली कोणत्या बाजूने, हे ठरवायला इंजिनिअर नंतर बोलवा. आधी रेशनच्या रांगेत उद्या ज्या उभ्या असतील त्यांना विचारा.